मुलाला पाठवण्याआधी रेकॉर्डिंगच्या तारखा विचारा

प्रश्न कोथरूडच्या एका ताईंचा आहे. त्यांचा बारा वर्षांचा भाचा पुण्यातल्या ऑडिशनमधून एका मराठी गाण्याच्या रिअ‍ॅलिटी शोसाठी निवडला गेलाय. करार हातात आला. त्यात ‘प्रसारण होईपर्यंत निकालाबद्दल कुणालाही काहीही सांगायचं नाही’ असं कलम आहे. ते वाचून ताई विचारतात, “म्हणजे हे सगळं आधीच शूट होतं? मग लोकांनी मतं कशाला द्यायची? परदेशात असे शो लाइव्ह होतात म्हणे, आपल्याकडे का नाही? आणि मुलाला पाठवावं का?”

मी 2003 पासून या कामात आहे. आधी असिस्टंट एडिटर, मग एडिटर, मग पोस्ट-प्रॉडक्शनचा प्रमुख. काही महाअंतिम सोहळे लाइव्ह गेले, तेव्हा पीसीआरमध्ये, म्हणजे प्रसारणाच्या कंट्रोल रूममध्ये, बसून काम केलंय. आता पुण्यातच राहतो. त्यामुळे हे उत्तर आतून पाहिलेल्या माणसाचं आहे, आणि थोडं लांबेल.

ताई, होय, जवळजवळ सगळं आधी शूट होतं. कारण साधं आहे. मुंबईतल्या एखाद्या स्टुडिओच्या फ्लोअरवर सेट उभा असतो, त्याचं भाडं दिवसावर चालतं. दहा-बारा कॅमेरे, जिमी जिब (लांब दांड्यावर फिरणारा कॅमेरा), लाइट, वादक, निवेदक आणि तीन परीक्षक यांची एकत्र तारीख मिळणं हीच मोठी कसरत. परीक्षकांचे स्वतःचे कार्यक्रम असतात, दौरे असतात. म्हणून सगळे जमले की दोन दिवसांत तीन-चार एपिसोड काढायचे, असा हिशेब. प्रसारणाच्या पुढे जेवढे एपिसोड तयार असतील त्याला आम्ही ‘बँक’ म्हणतो. बँक असली की परीक्षकाचा घसा बसो, नाहीतर पावसानं मुंबई तुंबो, सोमवारी रात्री नऊला एपिसोड जातोच.

मग एडिट. दिवसभर चाललेलं शूटिंग तासाच्या स्लॉटमध्ये बसवायचं, आणि त्या तासात जाहिराती असतात. नियम तासाला 12 मिनिटांचा आहे: 10 व्यापारी जाहिरातींची आणि 2 वाहिनीच्या स्वतःच्या कार्यक्रमांच्या जाहिरातींची. उरलेल्या वेळात सहा गाणी, सहा घरच्या गोष्टी, परीक्षकांचं बोलणं आणि एक अश्रू. तुम्हाला पडद्यावर दिसणाऱ्या टाळ्या बऱ्याचदा सकाळी काढलेल्या असतात. पहिल्या गाण्याच्या आधी प्रेक्षकांना बसवून हसणं, उभं राहणं, डोळे पुसणं असे शॉट वेगळे घेऊन ठेवतात. परीक्षकाच्या उंचावलेल्या भुवया दुसऱ्याच गाण्याच्या असू शकतात. याला आम्ही ‘चीट’ म्हणतो. मी हे वर्षानुवर्षं केलंय आणि एका मर्यादेपर्यंत ते कामाचा भाग मानतो, कारण नेमक्या क्षणी कॅमेरा नेमक्या चेहऱ्यावर असतोच असं नाही. पण परीक्षक म्हणतो, “सूर छान लागला, पण अंतऱ्याला दम पुरला नाही”, आणि एडिटमध्ये त्याचं पहिलं अर्धं वाक्य तेवढं राहतं, तेव्हा मुलाच्या गाण्याबद्दल खोटं सांगितलं जातं. ते मी करत नाही. तसं सांगितलं गेलं तेव्हा दोनदा भांडलो आहे.

आवाजाबद्दल बाहेर फार कमी बोललं जातं, म्हणून इथे जरा थांबतो. सेटवर मुलाचा माइक आणि प्रत्येक वाद्य वेगवेगळ्या ट्रॅकवर रेकॉर्ड होतं. ते नंतर मिक्सला जातं. तिथे एखादा सूर खाली असेल तर सॉफ्टवेअरनं वर घेता येतो. काही कार्यक्रमांत तर गाणं पुढे स्टुडिओत परत गाऊन घेतात आणि चित्रावर बसवतात. परीक्षकांनी सेटवर एक गाणं ऐकलेलं असतं, घरी तुम्ही दुसरं ऐकता. परीक्षकांचे गुण कच्च्या गाण्याला आणि लोकांची मतं पक्क्या केलेल्या गाण्याला! स्पर्धा म्हणून हे मला आजही मान्य नाही. लाइव्ह प्रसारणाचा सर्वांत मोठा फायदा कुठला असेल तर हा: मुलगा जे गायला तेच महाराष्ट्रानं ऐकलं.

आता मतं. कॅलेंडर समोर घेऊन बसा. समजा गाणी सोमवारी आणि मंगळवारी दाखवली. मतदान मंगळवारी रात्री सुरू झालं, गुरुवारी दुपारी बंद झालं. मोजणी आणि तपासणी संध्याकाळपर्यंत. शुक्रवारी शूटिंग, तिथे निकाल जाहीर. शनिवार-रविवार एडिट, मिक्स, वाहिनीची तपासणी, दुरुस्त्या. सोमवारी प्रसारण. हे जमतं. मी असे आठवडे काढलेत, एडिट रूममध्ये खुर्चीतच झोपून. पण यात बँक शून्य. वाहिनीला तीन आठवड्यांची बँक हवी असेल, तर लोकांच्या मतांनी दर आठवड्याला कुणी बाहेर जाणं शक्यच नाही, दिवसच बसत नाहीत. म्हणून अशा कार्यक्रमांत मधल्या फेऱ्यांचं एलिमिनेशन परीक्षकांच्या गुणांवर होतं आणि लोकांची मतं शेवटच्या टप्प्यात येतात. हे प्रेक्षकांना स्पष्ट सांगितलं असेल तर त्यात काही गैर नाही. निकाल कॅमेऱ्यात बंद झाल्यावरही पडद्याखाली मतदानाची पट्टी फिरत राहिली, तर मात्र ती सरळ फसवणूक आहे.

त्यामुळे ‘लाइव्ह आहे का?’ हे मी विचारतच नाही. मी दोन तारखा विचारतो: मतदान कधी बंद झालं आणि निकाल कधी ठरला. निकाल मतदानानंतर ठरला असेल तर कार्यक्रम रेकॉर्डेड असूनही प्रामाणिक आहे. आधी ठरला असेल तर कोपऱ्यात लाल अक्षरांत ‘लाइव्ह’ लिहिलेलं असून उपयोग नाही.

परदेशाचं तुम्ही विचारलंत. तिथला इतिहास हेच सांगतो. अमेरिकेत 1950 च्या दशकात एनबीसी वाहिनीवर ‘ट्वेंटी-वन’ नावाचा प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम लाइव्ह व्हायचा. लोक श्वास रोखून बघायचे. स्पर्धक काचेच्या खोलीत उभा, घाम पुसतोय, उत्तर आठवतोय. उत्तरं त्याला आधीच दिलेली असायची, घाम कसा पुसायचा हेसुद्धा शिकवलेलं असायचं. चार्ल्स व्हॅन डोरेन या गाजलेल्या विजेत्यानं 1959 मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीसमोर ते कबूल केलं. 1960 मध्ये अशा स्पर्धांचा निकाल आधी ठरवणं हा तिथे कायद्यानं गुन्हा झाला. म्हणजे प्रसारण शंभर टक्के लाइव्ह आणि स्पर्धा शंभर टक्के खोटी.

ब्रिटनमध्ये 2007 साली फोनवरच्या मतदानाची आणि स्पर्धांची प्रकरणं एकामागून एक बाहेर आली. जीएमटीव्ही या सकाळच्या लाइव्ह कार्यक्रमात लाइन चालू असतानाच विजेते निवडले जात होते, आणि लोक पैसे भरून फोन करतच होते. तिथल्या ऑफकॉम या नियामक संस्थेनं 20 लाख पौंड दंड केला. पुढच्या वर्षी आयटीव्ही या वाहिनीला तशाच प्रकारच्या चुकांसाठी 56 लाख 75 हजार पौंड. आपल्या विषयाशी सर्वांत जवळचं उदाहरण 2005 च्या ‘ब्रिटिश कॉमेडी अवॉर्ड्स’चं आहे. सोहळा लाइव्ह सुरू झाला, मध्ये बातम्या आल्या, आणि बातम्यांनंतरचा भाग लाइव्हसारखा दाखवला गेला, प्रत्यक्षात तो रेकॉर्डेड होता. लोकांना मत द्यायला सांगणं चालूच होतं, आणि पुरस्कार तर देऊन झालेला होता.

याच्या उलट ‘द ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ’ ही केक-पाव भाजण्याची स्पर्धा पाहा. सगळं आधी शूट केलेलं, निकाल कित्येक आठवडे गुपित. पण तिथे लोकांकडे मत मागितलंच जात नाही, निकाल परीक्षकांचा आणि तो आधीच लागलाय हे सगळ्यांना माहीत. 2017 मध्ये परीक्षक प्रू लीथ भूतानला होत्या, वेळेच्या फरकात गोंधळल्या, आणि अंतिम भाग प्रसारित व्हायच्या काही तास आधी विजेतीचं नाव ट्विट करून बसल्या. मोठी बातमी झाली, पण कुणाची फसवणूक झाली नाही. बेटावर तग धरण्याच्या ‘सर्व्हायव्हर’ या अमेरिकी स्पर्धेचंही तसंच. बेटावरचं सगळं काही महिने आधी शूट, पण दुसऱ्या पर्वापासून बरीच वर्षं स्पर्धकांनीच दिलेली शेवटची मतं लाइव्ह स्टुडिओत उघडून वाचली जायची. ‘रूपॉल्स ड्रॅग रेस’ या ड्रॅग कलाकारांच्या स्पर्धेत प्रत्येक अंतिम स्पर्धकाला मुकुट घातल्याचा शॉट वेगवेगळा घेऊन ठेवतात आणि खरा निकाल प्रसारणाच्या वेळी सगळ्यांना एकदम कळतो. असे मधले मार्ग खूप आहेत.

आपल्याकडचं ‘बिग बॉस’ हासुद्धा मधलाच मार्ग. मूळ ‘बिग ब्रदर’ 1999 मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झालं. मराठी पर्व 2018 मध्ये कलर्स मराठीवर आलं, तेव्हा घर आपल्या पुणे जिल्ह्यात, लोणावळ्याला होतं. घरात कॅमेरे चोवीस तास चालू, पण वाहिनीवर दिसतो तो आदल्या दिवसाचा तासाभराचा निवडक भाग. चोवीस तासांचा एक तास करताना कोण शहाणा दिसेल आणि कोण भांडकुदळ, हे एडिटरच्या हातात असतं. त्यात वाईट हेतू असेलच असं नाही, पण ताकद मोठी असते. 2021 मध्ये हिंदीची ओटीटी आवृत्ती आली, तिच्यात घराचं चोवीस तासांचं थेट चित्र ॲपवर मिळत होतं, तेव्हा प्रेक्षक एडिट आणि मूळ ताडून पाहू लागले. ही गोष्ट मला मनापासून आवडली. एडिटरवर असा पहारा हवाच.

मग सगळं लाइव्ह का करत नाहीत? परवानगीचं कारण आता फारसं उरलेलं नाही. पूर्वी बातम्यांव्यतिरिक्तच्या वाहिन्यांना थेट प्रसारणासाठी माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून परवानगी घ्यावी लागायची. 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांपासून आधी नोंदणी केली की पुरतं. आपल्या देशात घड्याळही एकच आहे. अमेरिकेत पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यात तीन तासांचा फरक, त्यामुळे ‘अमेरिकन आयडॉल’ला सगळ्या देशात एकाच वेळी दाखवून मतदान घेणं जमायला 2018 उजाडलं. आपल्याला ती अडचण नाही. खरी कारणं पैसा आणि भीती.

लाइव्ह महाअंतिम सोहळ्याचा दिवस सांगतो म्हणजे कळेल. आदल्या दिवशी पूर्ण तालीम, घड्याळ लावून. मैदानाबाहेर डीएसएनजी व्हॅन (उपग्रहावरून चित्र पाठवणारी गाडी), शिवाय फायबरची दुसरी लाइन, म्हणजे एक मार्ग तुटला तर दुसरा. दोन जनरेटर. पीसीआरमध्ये भिंतभर मॉनिटर. डायरेक्टर कॅमेऱ्यांचे नंबर पुकारतोय, “तीनवर तयार राहा, तीन घे.” शेजारी एक मुलगी हातात स्टॉपवॉच धरून फक्त उलटी मोजणी करते. तिचा आवाज टॉकबॅकवर, म्हणजे आमच्या हेडफोनवर, सगळ्यांच्या कानात. ब्रेकची वेळ सेकंदावर ठरलेली, कारण ती जाहिरातदाराला विकलेली असते. एका सोहळ्यात ज्येष्ठ गायक मंचावर आले आणि भारावून बोलत राहिले. दोन मिनिटांचे सहा झाले. त्यांना थांबवणार कोण? आम्ही एका मुलाचं गाणं दोन कडव्यांचं एक केलं. तो विंगेत उभा होता. फ्लोअर मॅनेजरनं त्याला गाण्याच्या दीड मिनिट आधी सांगितलं. पोरगं गायलं, छान गायलं, पण ज्या अंतऱ्याची तयारी त्यानं महिनाभर केली होती तो कुणी ऐकलाच नाही. रेकॉर्डिंगमध्ये हे कधीच झालं नसतं.

भीती म्हणजे मंचावर कुणी काहीही बोलून जाण्याची. त्यासाठी प्रसारण काही सेकंद मागे ठेवतात, म्हणजे बटण दाबून शब्द गाळता येतो. 2004 मध्ये अमेरिकेत सुपर बोल या फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या मध्यंतरात मंचावर गायिका जॅनेट जॅक्सनचं वस्त्र निसटलं, सीबीएस वाहिनीला साडेपाच लाख डॉलरचा दंड ठोठावला गेला (तो पुढे न्यायालयात टिकला नाही), आणि तेव्हापासून मोठ्या लाइव्ह सोहळ्यांत हे सेकंद ठेवण्याची पद्धत पक्की झाली. म्हणजे ‘लाइव्ह’सुद्धा अगदी त्या क्षणीचं नसतं. त्या काही सेकंदांबद्दल माझी तक्रार नाही.

ताई, आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो. एवढं लिहिण्याचं कारणही तोच आहे.

2008-09 मध्ये झी मराठीवर लिटिल चॅम्प्स गाजलं, आळंदीची कार्तिकी गायकवाड जिंकली, पुण्याची आर्या आंबेकर अंतिम पाचांत होती. त्यानंतर पुण्यातल्या ऑडिशनच्या रांगा वाढल्या. त्या रांगांतूनच आलेला एक मुलगा मी एडिट केलेल्या एका शोमध्ये होता. त्याचं एलिमिनेशन शूट झालं आणि प्रसारणाला अठरा दिवस होते. तो पुण्यात परत आला, तर चौकात त्याचा फ्लेक्स लागलेला. मंडळानं मोठा पडदा लावायचं ठरवलेलं. शाळेत बाई वर्गासमोर उभं करून गायला लावत. आणि हे मूल अठरा दिवस रोज ‘हो, पुढच्या आठवड्यात बघा’ असं म्हणत होतं. त्याच्या आईचा मला फोन आला, “दादा, तो रात्री उशीत तोंड घालून रडतो, सांगू का मी निदान शाळेत?” करार म्हणत होता, नाही. मी निर्मात्यांशी बोललो, तेही नाही म्हणाले.

आणि त्याच आठवड्यात माझ्या एडिटच्या टाइमलाइनवर त्याच्या रडण्याचा शॉट होता. चाळीस सेकंदांचा. वाहिनीकडून निरोप आला, “तोडू नकोस, पूर्ण ठेव.” मी ठेवला. त्याबद्दल मला आजही वाईट वाटतं. तो शॉट मी दहा सेकंदांवर आणायला हवा होता आणि त्यासाठी भांडायला हवं होतं.

भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडक या कॉलेजच्या एकांकिका स्पर्धेचा निकाल लागतो तेव्हाही मुलं रडतात. पण ती सगळ्यांसमोर रडतात, मित्र जवळ घेतात, आणि पुढे कट्ट्यावर त्याच निकालावर वाद घालतात. हरणं सांगून टाकता येतं. लाइव्ह कार्यक्रमात हरलेल्या मुलाच्या वाट्याला निदान तेवढं येतं. रेकॉर्डेड कार्यक्रमात हरलेलं मूल हरल्यानंतरही न हरल्याचं नाटक करत राहतं. मोठ्या माणसाला ते झेपतं, बारा वर्षांच्या मुलाला नाही.

तरीही लहान मुलांचा शो रात्री नऊला लाइव्ह करा असं मी म्हणणार नाही. त्यात तालीम, वाट पाहणं, ताण, मध्यरात्रीपर्यंत जागरण, आणि दुसरी संधी नाही. मुलांसाठी रेकॉर्डिंगच बरं, पण शूट आणि प्रसारण यांतलं अंतर कमीत कमी हवं. पाच-सहा दिवस चालतील. अठरा नाही.

म्हणून सही करण्याआधी एलिमिनेशनच्या भागांचं शूटिंग प्रसारणाच्या किती दिवस आधी होतं, ते लेखी विचारा. गाणं पुन्हा गाऊन घेणार का तेही विचारा. बालकलाकारांसाठीचे नियम 2017 मध्ये आलेत, ते निर्मात्यांना माहीत असतात, पण तुम्हालाही माहीत आहेत हे त्यांना कळू द्या. मुलाला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती द्यावीच लागते, सलग 27 दिवसांपेक्षा जास्त काम चालत नाही. शूटिंग ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. जास्तीत जास्त पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती नेमावी लागते. तिचं नाव आणि फोन नंबर मागा. मुलाच्या कमाईतला निदान 20 टक्के भाग त्याच्या नावावर मुदत ठेवीत जातो. आणि पाच तास कधीपासून मोजणार, मेकअपला बसल्यापासून की मंचावर गेल्यापासून, हे आवर्जून विचारा, कारण खरी ओढाताण तिथे होते.

मूल गाण्यात रमत असेल तर पाठवा. चांगल्या वादकांसोबत गाण्याची, मोठ्या गायकांकडून दोन शब्द ऐकण्याची संधी खरंच मोलाची आहे. सोबत आई-वडिलांपैकी एक जण सेटवर पूर्ण वेळ हवा. तुमच्या भागात फ्लेक्स लावणाऱ्यांना मात्र आधीच हात जोडून नाही म्हणा.

आणि गोपनीयतेच्या कलमात एक सूट मागून घ्या: निकालाबद्दल आजी-आजोबांना, मुख्याध्यापकांना आणि गाण्याच्या गुरूंना सांगता येईल, सगळ्यांच्या नावांसह. त्या मुलाच्या प्रकरणानंतर मी ज्या पुढच्या शोवर काम केलं, तिथे हे मागितलं होतं. निर्मात्यांनी दोन दिवस घेतले, वकिलाला दाखवलं, आणि दोन ओळींची पुरवणी जोडून दिली.